बी डाव्या हाताची

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणी कुंड्यांच्या मागे लागतो, कुणी शेजाऱ्यांच्या. लिफ्टवाल्यांनी जुने कीबोर्ड धरले. जन्म गेला लोकांना वर-खाली करण्यात, लिफ्टच्या बटणांमागचे खटके खोलण्यात आणि बसवण्यात. घरी बसल्यावर बोटं शिवशिवायला लागली. अशात एका भंगारवाल्याकडे त्यांना पहिला कीबोर्ड दिसला. पिवळा पडलेला, विटेसारखा जड. त्यांनी सहज एक कळ दाबून पाहिली. ‘खट्’ असा आवाज आला आणि गृहस्थ कामातून गेले.

हल्लीच्या स्वस्त कीबोर्डात कळांखाली रबराचा एक पापुद्रा असतो, बस्स. जुन्यांत प्रत्येक कळीखाली तिचा स्वतःचा खटका. एवढीशी डबी, तिच्यात वर-खाली होणारा दांडा, आवाज काढणारी पत्र्याची पट्टी आणि दांड्याला परत वर ढकलणारी स्प्रिंग. “रबरावर टाइप करणं म्हणजे चिखलात चालणं,” असं लिफ्टवाले येईल त्याला ऐकवत. ऐकणारा सहसा घाईत असे.

बघता बघता कपाटातल्या चादरी पलंगाखाली गेल्या आणि चादरींच्या जागी कीबोर्ड आले. बायको तोंडानं बोलायची, पण अडवायची नाही. याला कारण होतं. ती स्वतः टायपिंगचा क्लास चालवायची. अर्ध्या शहरातल्या कचेऱ्यांची बोटं तिच्या धाकाखालून गेलेली. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून नवराही बाईच म्हणे. आणि अशा बाईचा नवरा दोन बोटांनी टाइप करायचा, कोंबडीनं दाणे टिपावेत तसा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळच्या चहानंतर त्यांचा एक खेळ चाले. लिफ्टवाले जेवणाच्या टेबलावर तीन-चार कीबोर्ड मांडत. आधी ते आपल्या पद्धतीनं तपासणी करत, म्हणजे कळीवर लिफ्टच्या कामातल्या लोखंडी चकत्या, वायसरं, एकावर एक रचत जायचं आणि कळ कितव्या वायसराला बसते ते बघायचं. मग बाई डोळे मिटून प्रत्येकावर चार ओळी बडवायची आणि निकाल द्यायची. खटक्यांच्या तिनं तीन जाती पाडल्या होत्या. दाबताना खट् वाजतो तो भांडखोर. वाजत नाही, पण मधेच अडून बोटाला जाणवतो तो कुरकुरा. आणि न वाजता, न अडता मुकाट खाली जातो तो सोशिक.

“सोशिक मला आवडत नाही,” ती म्हणायची. “त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.”

“आणि भांडखोर?”

“तो बरा. भांडतो आणि मोकळा होतो. तुमच्यासारखा आतल्या आत कुढत नाही.”

तिचा लाडका म्हणजे एक करडा कीबोर्ड. भांडखोर जातीचा, दाबायला चांगला जड. इतर नवरा-बायकोंत खटके उडतात, यांच्या घरी ते टेबलावर उडत आणि दोघंही खूश असत.

मग एका सकाळी बाईच्या हातून कप निसटला. तिला वाटलं ओला होता. दुसरा घेतला, तोही निसटला. पुढचं सगळं दवाखान्यात. अर्धांगाचा झटका होता, हलका होता, वेळेवर आणलंत, असं सगळे सांगत राहिले. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू ताळ्यावर आला. उजवा हात मात्र मागेच राहिला. उचलला तर उठे, पण बोटांत जोर म्हणून नव्हता.

व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातून एक मुलगी घरी येऊ लागली. लिफ्टवाले तिला व्यायामवाली म्हणत. तिनं बाईच्या हातात एक मऊ चेंडू दिला. बाईनं चेंडूकडे असं पाहिलं की चेंडूलाच लाज वाटावी.

“काकू, कंटाळा येत असेल तर हाताला ओळखीचं काम द्या,” व्यायामवाली म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी लगबगीनं करडा कीबोर्ड आणला. बाईचा डावा हात आपणहून आपल्या जागी जाऊन बसला. उजव्या हाताची बोटं तिनं डाव्या हातानं एकेक उचलून कळांवर ठेवली. मग दाबलं. कळ अर्ध्यात गेली आणि वर आली. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्ध्यात. आवाज आलाच नाही.

“उचला हे,” बाई म्हणाली. “तो चेंडूही घेऊन जा. ज्या हातानं जन्मभर शिकवलं, तोच मला ओळख देत नाही. मी कशाला त्याच्या पाया पडू?”

त्यानंतर तिनं उजवा हात पदराखाली ठेवायला सुरुवात केली. व्यायामवालीनं जाताना लिफ्टवाल्यांना दाराबाहेर बोलावून घेतलं. “काका, हात वापरात राहिला तर येईल. त्यांनी सोडून दिला तर बोटं आखडतील, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही.”

बाईला समजावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे लिफ्टवाल्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. त्यांना यंत्र समजावता येत होतं. दुसऱ्या दुपारी बाईचा डोळा लागल्यावर ते करडा कीबोर्ड घेऊन मागच्या खोलीत बसले. एका मोडक्या कीबोर्डातल्या स्प्रिंगा त्यांनी जपून ठेवल्या होत्या. सोनेरी रंगाच्या, केसासारख्या बारीक. दोन वायसरं ठेवली की खाली बसणाऱ्या. करड्याच्या मूळच्या स्प्रिंगा पांढऱ्या पोलादाच्या आणि चांगल्या दणकट. लिफ्टवाल्यांनी कीबोर्डाच्या मधोमध नजरेनंच एक सरळ रेघ मारली. रेघेच्या उजवीकडची प्रत्येक कळ उपटली, खटका उघडला, पांढरी स्प्रिंग काढली, सोनेरी बसवली. पांढऱ्या एका डबीत भरून त्यांनी डबी खणात मागे सारली.

“साफ केला,” संध्याकाळी ते म्हणाले. “आत धूळ फार होती. कळा जड जात होत्या त्या त्यामुळेच.”

बाईनं आधी हातच लावला नाही. मग चिडून, यांना एकदा गप्प करावं म्हणून, बोटं ठेवली. खट्. तिनं पुन्हा दाबलं. खट्. एकेक बोट, अडखळत, वाकडं होत, पण कळ खाली नेत होतं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून लिफ्टवाल्यांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं. बाईनं एक पूर्ण ओळ टाइप केली. मधेच ती थबकली. तिनं कीबोर्डाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“काय झालं?”

“काही नाही. धूळ बरीच होती म्हणायची.”

तेव्हापासून रोज सकाळी बाई कीबोर्ड घेऊन बसू लागली. बसायच्या आधी नवऱ्याला बाहेर पिटाळायची. “भाजी आणा, फिरून या, मित्रांना पिळा. परीक्षकासारखे मागे उभे राहू नका.” लिफ्टवाले परतले की टेबलावर कॉम्प्युटरवरून छापून काढलेला कागद असे. आधी भरपूर चुका, मग कमी, मग अगदीच थोड्या. बाई फोनवर बहिणीला सांगायची, “हात येतोय गं.” ती बटाटा सोलायचा प्रयत्न करू लागली, बटण लावू लागली.

आणि इकडे लिफ्टवाले झुरू लागले. चोराच्या मनात चांदणं. बाई जेवढी खुलत गेली तेवढा यांचा घास अडकत गेला. तिच्या हाताला त्यांनी खोटी शाबासकी दिली होती, असं त्यांना वाटे. सांगावं तर ती मोडून पडेल. न सांगावं तर एक दिवस आपणच मोडू. बटाटा सोलला जातोय तो स्प्रिंगांमुळे नाही, हे साधं गणित धसका घेतलेल्या माणसाला सुचत नाही.

तो एक दिवस लवकरच आला. व्यायामवाली कागद बघून टाळ्या पिटत म्हणाली, “काकू, कमाल! उद्या मी दवाखान्यातला कीबोर्ड घेऊन येते. त्यावरही असंच जमलं, तर तुम्हाला माझी गरज उरली नाही.”

लिफ्टवाल्यांच्या डोळ्यांपुढे उद्याचा दिवस उभा राहिला. दवाखान्यातला म्हणजे रबराचा, चिखलाचा. त्यावर बाईची बोटं रुतणार, परक्या मुलीसमोर रुतणार, आणि यावेळी हात पदराखाली गेला की गेलाच. सगळ्या नाहीत, तरी चार कळा आजच पुन्हा जड कराव्यात, असं त्यांनी ठरवलं. तिला त्या जाणवतील, निदान उद्याचा धक्का थोडा कमी बसेल. बाई जेवून आडवी होताच ते कीबोर्ड घेऊन मागच्या खोलीत शिरले.

त्यांनी पहिली कळ उपटली, खटका उघडला. आत पांढरी स्प्रिंग.

चुकून राहिली असेल, असं म्हणत त्यांनी दुसरी उघडली. पांढरी. तिसरी, पांढरी. त्यांनी खणातली डबी काढून उघडली. डबीत सोनेरी स्प्रिंगांचा गुंता पडला होता. लिफ्टवाले झपाटल्यासारखे एकामागून एक खटके उघडत गेले. एकात तर बॉलपेनातली स्प्रिंग कापून बसवली होती, तीही वेडीवाकडी.

“पेनाची स्प्रिंग!” ते किंचाळलेच. संग्राहकाच्या काळजाला ते सहन झालं नाही. “या कीबोर्डात पेनाची स्प्रिंग!”

“एक हातातून उडाली,” दारातून बाईचा आवाज आला. “कपाटाखाली गेली. मला वाकता येत नाही अजून.”

लिफ्टवाल्यांनी वर पाहिलं. बाई चौकटीला टेकून उभी होती.

“तू बदलल्यास?”

“मग काय शेजारी येऊन बदलून गेले?”

“अगं पण तुला कळलं कसं?”

बाई येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. कीबोर्ड तिनं आपल्याकडे ओढून घेतला आणि एका कळीवर टिचकी मारली. “ही बी. बी डाव्या हाताची असते. पहिल्या दिवशी शिकवते मी पोरांना. तुम्ही रेघ मारलीत ती बरोबर हिच्या अलीकडून. माझा डावा हात धडधाकट आहे, त्याला सवयीचा जोर आहे. बीवर बोट ठेवलं आणि खड्ड्यात पाय पडावा तसं झालं. एकटी बीच हलकी कशी? मग सगळं लक्षात आलं.”

“पहिल्याच दिवशी?”

“पहिल्याच ओळीला. इतकी वर्षं माझ्याशी संसार केलात, आणि कुठलं बोट कुठे जातं एवढं बघितलं नाहीत.”

लिफ्टवाल्यांना हसावं की रडावं कळेना. “मग बोलली का नाहीस? एरवी तर सोडत नाहीस.”

“राग आला होता. फार. मला वाटलं, यांनी आशा सोडली. आता हिच्यानं काही व्हायचं नाही, म्हणून खेळणं दिलं हातात. तुम्ही भाजीला गेलात आणि मी रडले. मग म्हटलं, ही बी तरी सरळ करते, ती डाव्या हाताचीच आहे. कळ उपटली, खणातून तुमची डबी आणि चिमटा काढला. पण डाव्या हातानं खटका धरायचा तर स्प्रिंग उजव्यानंच घालायला हवी. किती वेळा पडली! तुम्ही परत आलात तेव्हा कुठे ती एक बसली होती. आणि बसली तेव्हा मला कळलं, की हा हात करू शकतो. मग रोज एकेक.”

लिफ्टवाल्यांनी तो चिमटा उचलून पाहिला. त्या चिमट्यानं ती एवढीशी स्प्रिंग धरायला त्यांना स्वतःलासुद्धा श्वास रोखावा लागे. चेंडू दाबण्याच्या शंभरपट अवघड काम तिनं त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच हत्यारांनी, त्यांच्या नकळत केलं होतं.

“मी आशा सोडली नव्हती गं,” ते म्हणाले. “तू सोडशील याची भीती वाटली मला. तू हात पदराखाली घातलास ना, तेव्हा मला घरात एकटं वाटलं.”

बाईनं उजवा हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला. बोटं पुरती मिटली नाहीत, पण जेवढी मिटली तेवढ्यांनी तिनं घट्ट धरलं.

मग लिफ्टवाल्यांनी नाक पुसलं आणि विस्कटलेले खटके मुकाट्यानं बंद करायला घेतले. कडेची एक कळ अजून उघडायची राहिली होती. सवयीनं त्यांनी तीही उपटली. आत सोनेरी स्प्रिंग होती.

“ही राहिली वाटतं तुझी,” त्यांनी डबीकडे हात नेला. “घालू पांढरी?”

“नको,” बाई म्हणाली. “ती करंगळीची आहे. करंगळीला अजून झेपत नाही. तिथे तुमचीच असू दे.”