झाकणावरचा दगड

धाकट्याला त्या मागच्या अंगणात पाऊलसुद्धा टाकायचं नव्हतं. पण वहिनीने सकाळीच निरोप धाडला, "थंडी तोंडावर आलीय भाऊजी, पेट्या तोलायला हव्यात," आणि तिला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

थोरला जाऊन वर्ष होत आलं होतं. मधमाश्या हे त्याचं वेड. धाकटा सुतार; पेट्या ठोकून द्यायच्या एवढाच त्याचा माश्यांशी संबंध, आणि तेवढ्यातही दोनदा नाक सुजवून घेतलेलं. गेल्या वर्षी थोरला छातीच्या दुखण्याने घराबाहेर पडेनासा झाला, म्हणून तोलायचं काम याच्या गळ्यात पडलं. काम तसं सोपं. काट्याचा हूक पेटीच्या तळाखाली अडकवायचा, एक बाजू बोटभर उचलायची, आकडा बघायचा. मग दुसरी बाजू. दोन्हींची बेरीज तीस किलो झाली, तर आत हिवाळाभर पुरेल एवढा मध आहे. कमी भरली, तर थंडी पडायच्या आत साखरेचा पाक द्यायचा.

गेल्या वर्षी पाचही पेट्या तिसाच्या वर भरल्या होत्या. पाक कुणालाच दिला नाही. आठ दिवसांत थोरला गेला, आणि हिवाळा सरेपर्यंत पाचही पेट्या गार पडल्या. रोग आला असेल, असं सगळे म्हणाले. धाकट्यानेही मान डोलावली, पण मनाला काहीतरी टोचत राहिलं ते राहिलंच.

यंदा वहिनीने हट्टाने तीन नवी मोहोळं आणून त्याच जुन्या पेट्यांत बसवली होती. ह्यांचं एवढं तरी मागे राहू दे, म्हणायची. तीही गेली, तर वहिनी पुन्हा कधी त्या अंगणाचं दार उघडणार नाही, हे धाकट्याला ठाऊक होतं.

वहिनी पायरीवर वही घेऊन बसली. धाकट्याने हूक अडकवला.

"सोळा. आणि ह्या बाजूने... पंधरा. एकतीस! भरलीय वहिनी. सुटलो बुवा!"

टक. टक. टक.

अंगठीने काच वाजवल्यासारखा आवाज. थोरल्याच्या खोलीची खिडकी. शेवटी शेवटी हाक मारायचा दम उरला नव्हता, तेव्हा तो असंच बोलवायचा.

"आत कोण आहे?"

"कोण असणार? कुलूप आहे खोलीला. का हो?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

गेल्या वर्षीही अशीच काच वाजली होती. त्याने वर पाहिलं, तर थोरला खिडकीशी उभा, तळहात स्वतःच्या डोक्यावर ठेवून दाबत होता. वारं बोचरं होतं. धाकट्याला वाटलं, दादा म्हणतोय टोपी घाल. पन्नाशीचा झालो तरी ह्याला मी शेंबडाच वाटतो! त्याने खिशातली टोपी काढून डोक्यावर चढवली, वर सलाम ठोकला. थोरला आणखी जोराने काच वाजवू लागला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून धाकटा हसत हसत मागच्या फाटकातूनच निघून गेला.

आता नकळत त्याचा हात डोक्याकडे गेला, आणि नजर पेटीच्या डोक्याकडे.

झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून थोरल्याने प्रत्येक पेटीवर दगड ठेवला होता. इतकी वर्षं तिथेच असलेला दगड, धाकट्याला तो पेटीचाच भाग वाटायचा. त्याने तो उचलून खाली ठेवला आणि पुन्हा तोललं. बारा. अकरा.

बेरीज तेवीस.

"वहिनी, रोगबिग काही नव्हता. माश्या उपाशी मेल्या. मी मारल्या. दादा खिडकीतून सांगत होता, दगड काढ म्हणून, आणि मी टोपी घातली."

वहिनीने वही मिटून पायरीवर ठेवली. म्हणाली, "त्या संध्याकाळी हे म्हणाले होते, धाकट्याला काही बोलू नकोस, ओशाळेल बिचारा. बरं वाटलं की मीच बघतो. काय बघता, म्हटलं, तर सांगेनात. मग रोज उठून बूट मागायचे. एवढ्या गारठ्यात बाहेर जातील म्हणून मीच लपवून ठेवले होते ते बूट."

तिने पदराने डोळे पुसले. "रडायला सगळा हिवाळा पडलाय. पाक करायला घेते. तुम्ही बाकीचे दगड काढा."

ती आत गेली. धाकट्याने उरलेले दोन्ही दगड उतरवले, आकडे वहीत लिहिले. दोन्ही पेट्या कमीच भरल्या. मग तो खिडकीकडे वळला, तळहात डोक्यावर ठेवला, आणि उचलून रिकामा हात काचेला दाखवला.

काच वाजली नाही. एकदा तरी वाजावी म्हणून वहिनी पाकाचं पातेलं घेऊन बाहेर येईपर्यंत तो तिथेच उभा होता.