वासंतीबाईंचं नको

वासंतीबाईंना फिरायची भारी हौस, आणि ती त्यांनी जन्मभर लपवली. कुणी चला म्हटलं की आधी नको म्हणायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण आढेवेढे घ्यायचे, आणि शेवटी 'एवढं म्हणताय म्हणून येते' असं पुटपुटत माळ्यावरची ट्रंक खाली काढायची. लगेच हो म्हणणारी बाई त्यांच्या लेखी हावरट.

नवरा, विष्णुपंत, दिल्लीच्या कृषी भवनात नोकरीला होते तोवर हे सगळं सुरळीत चाललं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मे महिन्याच्या सुट्टीची बोलणी थंडीतच सुरू होत. आधी रजेचा अर्ज, मग सरकारी प्रवास सवलतीची मंजुरी, मग तिकिटाच्या खिडकीपुढची रांग. या सगळ्यात वासंतीबाईंचं नको निवळायला भरपूर सवड मिळे. विष्णुपंत तर ते कानावरच घेत नसत; अर्जात बायकोचं नाव घालून मोकळे होत.

आता विष्णुपंत नाहीत आणि वासंतीबाई नोएडाला मुलाकडे राहतात. इथं सुट्टी ठरवायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळही लागत नाही. गुरुवारी श्रीरंगला लहर येते, शनिवारी उजाडायच्या आत गाडी निघालेली असते. मागं एकदा त्यानं विचारलं होतं, "आई, नैनितालला येतेस?"

"नको रे, तुम्ही जा. मी कशाला मध्ये?"

"अच्छा, ठीक है," म्हणत त्यानं फोनवर बोट टेकवलं. "झालं बुक."

वासंतीबाई पुढच्या आग्रहाची वाट बघत बसल्या. दिवाळीनंतर पुन्हा तसंच झालं. दोन्ही वेळा घर राखायला त्या एकट्या राहिल्या, आणि परतल्यावर सुनेनं, वृंदानं, दाखवलेले फोटो बघून छान छान म्हणाल्या. आत मात्र फार लागलं होतं त्यांना. आपण गेलो काय न् राहिलो काय, कुणाचं काही अडत नाही, असं वाटून दुसऱ्या खेपेला रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आज तर श्रीरंगनं विचारलंसुद्धा नाही. सोफ्यावर फोन चाळता चाळता नुसतं सांगितलं, "आई, शनिवारी आम्ही लॅन्सडाउनला चाललोय. मस्त रूम मिळतायत यार, लगेच करतो. दूधवाल्याला कमी सांग."

वासंतीबाई मेथी निवडत होत्या. आता गप्प राहिलो तर यापुढे कुणी विचारणारच नाही, हे त्यांना लख्ख कळलं. कानशिलं तापली. या वयात स्वतःच्या तोंडानं मागायचं?

"मला यायचंय," त्या म्हणाल्या.

कणीक मळणाऱ्या वृंदाचे हात थांबले. "आई, पण तुम्हाला तर प्रवास आवडत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच! दोनदा नको म्हणालात."

"म्हणाले. पण तुम्ही पुन्हा विचारलंत कुठं?"

श्रीरंग बघतच राहिला. दिल्लीत वाढलेला मुलगा. बाप आईचं नको कानावर न घेता तिचं नाव अर्जात घालायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "पुन्हा विचारायचं असतं? आम्हाला वाटलं, तुला खरंच नकोय. उगाच जबरदस्ती कशाला."

"मला वाटलं, तुम्हालाच मी नकोय," वासंतीबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

वृंदा कणकेच्या हातांनीच येऊन त्यांच्याशेजारी बसली. श्रीरंगनं घसा खाकरला आणि फोन पुन्हा हातात घेतला.

"तुला वेगळी रूम घेऊ, की आमच्यातच एक पलंग वाढवून मागू?"

'कशाला वेगळी, मी कुठंही पडेन,' हे अगदी ओठांवर आलं होतं. वासंतीबाईंनी ते गिळलं.

"वेगळी. डोंगर दिसेल अशी."

श्रीरंगचं बोट बटणापाशी थांबलं. आता तो शहाणा झाला होता. "आई, पुन्हा विचारतोय हं. नक्की ना?"

"एकदा सांगितलं ना!" वासंतीबाई डाफरल्या. "कर लवकर, नाहीतर दुसरा कुणी घेईल ती खोली."