भिंतीला टेकवलेला बेस

गाण्याची धडधड काढणारा बेसचा मोठा स्पीकर-डबा गुडघ्यानं ढकलत ढकलत त्यानं पार उलटा फिरवला, तोंड रस्त्याकडे आणि पाठ शेजारच्या घराकडे. तेवढ्यानं जिवाला स्वस्थता मिळेना, म्हणून गाडीतली जुनी चादर आणून डब्याच्या मागं खोचली. मग टेबलापाशी येऊन बेसचं बटण जवळजवळ शून्यावर आणलं.

उरलेल्या वायरी गुंडाळणारी बायको हे सगळं बघत होती.

"आता त्याला स्वेटरही घाला," ती म्हणाली. "गारठला असेल."

तो हसला नाही. तो डीजे होता, आणि गावात त्याला सगळे भूकंप म्हणत. त्यानं गाणी लावली की खिडक्यांच्या काचा वाजायच्या, आणि आजवर त्याला त्याचा अभिमानच होता. पण मागच्या खेपेला एका वाढदिवसाला शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलिस आले, आणि केक अर्धा कापलेला असतानाच सगळं सामान गाडीत चढवायची पाळी आली. बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर कामाचा फोन जो गप्प झाला तो झालाच. मेहुण्यानं आपल्या टायरच्या दुकानात त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि ती रिकामी असल्याचं तो दर फोनला न चुकता सांगत होता. आजची पार्टी बिनबोभाट पार पडली नाही तर सामान विकायचं आणि त्या खुर्चीत जाऊन बसायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. म्हणजे बायको बोलली होती आणि तो गप्प बसला होता.

पार्टी होती दवाखान्यातल्या नर्सबाईंची. त्या निवृत्त होत होत्या. भूकंपला बोलावू नका असं त्यांना चार जणांनी सांगून पाहिलं होतं. "सगळा जन्म लोकांना हळू बोला, हळू बोला सांगण्यात गेला," बाई म्हणाल्या होत्या. "शेवटच्या दिवशी तरी जरा गोंगाट होऊ दे." या एका वाक्यासाठी भूकंपनं त्यांच्या पार्टीत स्पीकर डोक्यावर घेऊन गाणी वाजवली असती. पण दवाखान्यामागची मोकळी जागा देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, शेजारून एक जरी तक्रार आली तरी गाणी बंद.

म्हणून दुपारी सामान जोडून, वाजवून बघितल्यावर तो आजूबाजूच्या घरांतून फिरून आला होता. त्रास झाला तर डॉक्टरांकडे जाऊ नका, मला सांगा, मी लगेच कमी करतो, असं हात जोडून सांगून आपला नंबर देऊन आला. सगळे बरे बोलले. फक्त या अगदी लागून असलेल्या घराचं दार कुणी उघडलं नाही. आत कुणीतरी होतं, कारण खिडकीचा पडदा हलला होता. तो पडदा त्याच्या मनातून जाईना.

ऊन उतरलं तशी पाहुणेमंडळी जमली. नर्सबाई नवी साडी नेसून मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यानं पहिलं गाणं लावलं. गाणं चांगलं होतं, पण बेस नसलेलं ते गाणं मीठ विसरलेल्या जेवणासारखं लागत होतं. लोक हातात पेले घेऊन नुसतेच डोलत होते. दवाखान्याचा कंपाउंडर तेवढा मनापासून नाचत होता, पण तो काय, गाण्याशिवायही नाचला असता.

तेवढ्यात शेजारच्या घराचं दार उघडलं. घरच्या चपला घातलेला एक पन्नाशीचा माणूस भिंतीलगतच्या कुंपणाच्या फटीतून आत आला आणि कुणाकडे न बघता सरळ टेबलाशी येऊन थांबला. डोलणारे थबकले. भूकंपचा हात आपोआप आवाजाच्या बटणावर गेला.

"बंद करतो, दादा," तो म्हणाला. "तुम्ही काही बोलायच्या आत बंद करतो. फक्त डॉक्टरांना सांगू नका."

"बंद नका करू," तो माणूस म्हणाला. "दुपारचा तो हादरा कुठं गेला?"

"काय?"

"दुपारी तुम्ही वाजवून बघत होता ना, तेव्हा आमची भिंत हादरत होती. ते कुठं गेलं?"

भूकंपनं बायकोकडे पाहिलं. ती वायर हातात धरून तशीच उभी राहिली होती.

"माझी आई आहे आत," तो माणूस खालच्या आवाजात सांगू लागला. "तिला ऐकू येत नाही. यंत्र लावून झालं, काही उपयोग नाही. हल्ली बोलायचीही बंद झाली होती. आपल्याला ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असं असेल. आज दुपारी तिचा पलंग हलला. तिनं भिंतीला हात लावला, आणि मला म्हणाली, कोण आलंय रे?" त्यानं मागं वळून खिडकीकडे पाहिलं. "तुम्ही दार वाजवलंत तेव्हा मी तिच्यापाशीच होतो. उठवेना मला. ते तोवर बंद झालं होतं. तेव्हापासून ती भिंतीवरचा हात काढत नाहीये."

भूकंपनं बटणावरचा हात काढला. ज्या धडधडीपायी त्यानं जन्मभर शिव्या खाल्ल्या, ती कुणी मागायला येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

नर्सबाई साडी सावरत लगबगीनं आल्या. "काय झालं? तक्रार आहे का?"

"आहे," तो माणूस म्हणाला. "आवाज पोचत नाही."

"अहो, ऐकताय ना?" बायको भूकंपला म्हणाली. "मग उभे काय राहिलात? हलवा तो डबा."

त्यानं आणि त्या माणसानं मिळून डबा उचलला आणि थेट त्या घराच्या भिंतीला नेऊन टेकवला. चादर बायकोनं काढून घडी घातली. बेसचं बटण फार वर न्यायची गरजच नव्हती. डबा असा भिंतीला चिकटला की थोडा बेसही विटांतून आत उतरतो, आणि पलीकडच्या घरांना कळतही नाही. भूकंपनं संथ ठेक्याचं एक गाणं निवडलं, एकेक ठोका सुटा कळेल असं. ते लावून तो भिंतीपाशी गेला. तो माणूस धावत घरात शिरला. थोड्या वेळानं खिडकीचा पडदा सरला आणि त्यानं आतून हात वर केला. पोचलं.

इकडे पायांखालची जमीनही किंचित हलू लागली होती. नर्सबाईंनी चपला काढून ठेवल्या आणि त्या नाचायला लागल्या. मग कुणीच नुसतं उभं राहिलं नाही.

हादरा फार होत नाही ना, हे बघायला भूकंपनं भिंतीला तळहात लावला आणि तिथंच उभा राहिला. नर्सबाईंबद्दल, खिडकीतल्या त्या माणसाबद्दल, चादर घडी करून ठेवणाऱ्या बायकोबद्दल त्याला इतकं काही वाटत होतं की गाणं संपत आल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही. दोन गाण्यांत फट पडू देणं ही डीजेची नामुष्की. सगळ्या आवारात शांतता पसरली. माणसं वळून टेबलाकडे बघू लागली, आणि टेबलापाशी कुणीच नव्हतं.

आणि भिंतीतून ठोके आले. मुठीनं मारलेले, ठेक्यात नसलेले, ताट वाढायला उशीर झाल्यावर माणूस पाट बडवतो तसे.

"अहो, पुढचं लावा," बायको म्हणाली. "आजी मागतायत."

पण तो हलला नाही. त्यानं मूठ वळली आणि भिंतीवर दोनदा हळूच मारली. पलीकडचे ठोके थांबले. मग आतून दोन ठोके आले, त्याच्यासारखेच हळू.

त्याचा हात भिंतीवरून निघेना, तेव्हा बायकोच टेबलापाशी गेली आणि तिनं पुढचं गाणं लावलं.