दुवा

त्या घरातल्या दोन खोल्यांत संगणकाच्या दोन भाषा नांदत होत्या. पुढच्या खोलीत ती पायथन लिहायची, मागच्या खोलीत नवरा रस्ट, आणि दोन्ही मिळून एकच प्रोग्रॅम व्हायचा: लिफ्ट बिघडण्याआधी सूचना देणारा. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडच्या लायब्रऱ्या दोघांनाही लागत. तिची यादी वेगळी, त्याची वेगळी, आणि प्रत्यक्षात काय काय आलं ते यंत्र तिसऱ्या फाइलीत आपलं आपणच लिहून ठेवी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि दोघांनी कधीही न मोडलेला नियम एकच होता, तो म्हणजे एकमेकांना विचारल्याशिवाय यादीत काही घालायचं नाही. बाकीच्या नियमांचं काय झालं ते विचारू नये.

मंगळवारी सकाळी तिला तिसऱ्या फाइलीत एक अनोळखी ओळ दिसली. ‘दुवा’ नावाची लायब्ररी. तिच्या यादीत हे नाव नव्हतं. हे कोणाला लागतं, असं तिने यंत्राला विचारलं, तर उत्तर आलं, रस्टच्या बाजूला.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हल्ली तो जेवताना मोबाईल पालथा ठेवायचा आणि काही विचारलं की “कुठे काय?” म्हणायचा. दुपारी तो केस कापायला बाहेर पडला तेव्हा तिने त्याच्या मशीनवर जाऊन तोच प्रश्न टाकला. उत्तर आलं, पायथनच्या बाजूला. तिने ती लायब्ररीच उघडून पाहिली. आत एक अक्षर नव्हतं.

संध्याकाळी तिने विषय काढला.

“हे दुवा तू घातलंस?”

“मी? मला वाटलं, तू.” तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. “तीन आठवडे बघतोय. म्हटलं, सांगेल कधीतरी.”

“आणि गप्प बसलास?”

“तू तरी हल्ली कुठे काय सांगतेस?”

“मग काढून टाकते.”

“नको. का, ते मला नाही सांगता येणार. पण असू दे ना, काय खातंय का ते?”

चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली. पण राग वरवरचाच होता. अकरा वर्षांच्या सोबतीचा माणूस आपल्या हातून सुटत चाललाय, ही खरी भीती होती, आणि ज्या गोष्टीचं कारण तो सांगत नव्हता ती घरात ठेवायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्हीकडून ‘दुवा’ एकदमच काढून टाकला. यंत्राने मिनिटभर सगळं तपासलं. एकही चूक निघाली नाही. शेवटी एवढंच आलं: दोन्ही बाजू एकमेकींवाचून चालतात.

तिला हायसं वाटलं, मग लाज वाटली. एका रिकाम्या फाइलीपायी आपण त्याच्यावर उगाच संशय घेतला. चुकलं माझं, असं सरळ सांगून टाकायचं ठरवून ती मागच्या खोलीकडे गेली आणि दार लोटलं.

खुर्चीतला माणूस तिला पाहून अदबीने उठला.

“या, बसा ना. तुम्हाला कोणाला भेटायचंय?”

ती दारातच थांबली; आपण कोणाकडे आलो, ते तिलाही आठवेना. गृहस्थांचा प्रश्न रास्त होता.