बंद पडली की बंद केली

वृषाली पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट होती. लोकांना काय हवं ते विचारून घ्यायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना नेमकं कळेल असं लिहून द्यायचं, हे तिचं काम. विहिरीवरची मोटर फोनवरून चालवायचं ॲप तिच्याच कागदावरून तयार झालं होतं. चाचणीचे पहिले वीस स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेट्या, बसले, तेव्हा ते कसे चालतात ते बघायला ती अंथुर्ण्याला दत्तोबांच्या मळ्यात आली.

मागणी सांगितली होती त्यांच्या मुलानं, अजितनं. तो लोणी देवकरला कारखान्यात कामाला. "मोटर सारखी बंद पडती, आबांना पळावं लागतं. ती आपली आपण चालू झाली पायजे." वृषालीनं लिहिलं होतं : मोटर बंद झाल्यास दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हावी.

ती पोचली तेव्हा दत्तोबा विहिरीच्या काठावर उकिडवे बसले होते. उंदरानं केबल कुरतडली होती. त्यांनी पेटीवरचं लाल बटण दाबून मोटर बंद केली होती, केबल तोडली होती आणि आता तारेचं वेष्टण दातांनी सोलत होते.

"बसा म्याडम. येवढा जोड मारतो."

पेटीवर ॲप जागं असल्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आबा, मोटर कधी बंद केली?"

"झाली की धा-एक मिंटं."

ॲपला दिवस-रात्र कळत होतं, लाइट आलेली-गेलेली कळत होती. पण मोटर बंद पडली की कुणी बंद केली, हे कळत नव्हतं. तिनं ते कधी लिहिलंच नव्हतं.

"तार सोडा! आबा, सोडा!"

तिच्या किंकाळीनंच दत्तोबांच्या हातून तार सुटली. पेटीत खट् झालं. ओल्या दगडावर तारेची टोकं तडतडली आणि निळा जाळ उठला.

ठमाबाई वांग्याच्या वाफ्यातून धावत आल्या. नवऱ्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. दत्तोबा तोंडावरून हात फिरवत होते.

वृषालीनं पेटीचा मेन स्विच खाली ओढला आणि ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुयोगला फोन लावला.

"वीसच्या वीस स्टार्टरचं आपोआप चालू होणं बंद कर."

"मंजुरी घ्यावी लागेल. उद्या..."

"आत्ता, सुयोग. माणूस मेला असता."

पाच मिनिटांत ते बंद झालं. अजितला तिनंच फोन करून सांगितलं.

"आबा, पेटीला कोण कोण हात लावतं?" तिनं विचारलं.

"मी. ही बी लावती. शेजारचा रामहरी." दत्तोबा म्हणाले. "आमाला कुणी इचारलंच न्हाय की, पोरी."

वृषालीनं वही उघडली.

"आता विचारते," ती म्हणाली. "सकाळपासून सांगा, पेटी कोण, कधी आणि का बंद करतं."