सरळ चासीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मला आधी उलटी करून बघा. पोटावर हे पांढुरके ओरखडे दिसतात ना, ते नऊ वर्षांचे आहेत. रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीची मी चासी. गाडी खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाएवढी, आणि मी तिची तळाची काळी पाटी. मोटर, बॅटरी, पट्टे, चाकं, सगळा संसार माझ्या अंगावर. लोक मात्र वरचं रंगीत कवच बघून वा वा करतात. खाली मी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. असो, आता सवय झाली.

माझ्या जन्माची गोष्ट छोटी आहे. कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक रचले, तापवले, दाबले आणि यंत्रानं मला कापून काढलं. आईबाप नाहीत, बारसं नाही. पाकिटात बसून मी तोयामा या जपानी शहरातल्या मुरासे-सान या बाईंच्या दुकानात आले; 'सान' म्हणजे तिथलं 'राव' किंवा 'बाई'. खाली दुकान आणि जिना चढून गेलं की गालिचा अंथरलेला शर्यतीचा मार्ग. बाहेर कमरेएवढं बर्फ साचलं तरी रविवारी वर गाड्या पळायच्याच.

तिथे एका रविवारी हिदाका-सान आले. चौतीस वर्षं शहरातली ट्राम चालवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची बायको फुमिए त्याच वर्षी गेली होती. मूलबाळ नव्हतं. त्यांना शर्यतीची गाडी बांधायची होती आणि गल्ल्यावर दोन चासी मांडल्या होत्या. एक मी आणि एक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची. त्या हंगामात सगळे तिच्यावरच लट्टू होते. हिदाका-सान आम्हाला आलटून पालटून हातात घेत होते, टोकांना अंगठे लावून दाबत होते. अर्धा तास झाला तरी त्यांचं ठरेना.

मागे किनुगासा उभा होता. हा दातांच्या कवळ्या बनवायचा आणि रविवारी सगळ्यांची टर उडवायचा.

"काय हो, चासी घ्यायला आलात की मुलगी बघायला?" तो म्हणाला. "चहा-पोहे मागवू का?"

"तू गप रे," मुरासे-साननी त्याला झापलं. "हे बघा हिदाका-सान, अ‍ॅल्युमिनियमची ताठ आहे. गालिचा गरम आणि चिकट असेल तर ती सुसाट जाते. पण आमच्याकडे थंडीत गालिचा निसरडा होतो. तिथे ही काळी बरी. वळणावर जरा लवते, चारही चाकं जमिनीला धरून ठेवते. नवख्या माणसाला सांभाळून घेते."

"मग हीच द्या," हिदाका-सान म्हणाले. "घरी सांभाळून घेणारं आता कुणी उरलं नाही."

तर अशी माझी निवड झाली. खरं सांगू? मला फार बरं वाटलं.

सात हिवाळे आम्ही एकत्र पळलो. ट्राम हलवण्याआधी प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलायची त्यांची जुनी सवय. शर्यतीआधीही तेच. "पुढचं उजवं चाक, नट ठीक! पुढचं डावं, ठीक! बॅटरी, ठीक!" सुरुवातीला लोक हसले. नंतर तो आवाज आल्याशिवाय शर्यत सुरू झाल्यासारखी वाटेना. आम्ही फार काही जिंकलो नाही. बहुतेक वेळा चौथे, पाचवे, आणि एकदाच दुसरे. त्या दिवशी त्यांनी मला घरी नेऊन फुमिएच्या फोटोपुढे ठेवलं आणि एकेक वळण तिला सांगितलं. इतर दिवशी त्या घरात कुणी बोलत नसे. सोमवार ते शनिवार केटलीचा काय तो आवाज. माणसं फक्त रविवारी भेटायची, आणि त्या एका दिवसावर त्यांचा आठवडा निघायचा. हे मला ठाऊक होतं आणि दुकानातल्या सगळ्यांनाही ठाऊक होतं.

आठव्या हिवाळ्यात गाडी लांबच्या वळणावर मार्गाच्या कडेच्या फळीला धडकू लागली. कधीतरी नाही, प्रत्येक फेरीत.

"चासी पिळली असेल हो," किनुगासा म्हणाला.

मी पिळले? मी? कानशिलं तापली असती माझी, असती तर. पण बाकीच्यांनीही माना डोलावल्या. "हो हो, चासीच. जुनी झाली."

मित्रांनो, ते सगळे खोटं बोलत होते, आणि तेही मायेपोटी. हिदाका-सान चहाचा पेला टेबलाच्या कडेपलीकडे हवेत ठेवायचे आणि तो फुटायचा. आमच्याकडे रीत अशी की आपली शर्यत झाली की पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. तिथे ते समोर पडलेल्या गाडीच्या शेजारी हातानं चाचपडत राहायचे. लोक बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि नजर वळवायचे. सांगायचं कुणी? सांगितलं तर हा माणूस उद्यापासून यायचा नाही. मग दोष कुणाच्या माथी मारायचा? जिला तोंड नाही तिच्या.

त्यांनी स्प्रिंगा बदलल्या, चाकं बदलली, पट्टे बदलले. शेवटी मला बदललं. ती अ‍ॅल्युमिनियमची घेतली आणि मला जुन्या मालाच्या काचेच्या कपाटात ठेवलं. माझ्या एका बाजूला एक फुटका रिमोट, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी कवच. एक अख्खं वर्ष मी तिथे होते. दर रविवारी जिन्यावर त्यांचे बूट वाजायचे. ते कपाटासमोरून जायचे, पण थांबायचे नाहीत. मला राग येत नव्हता. नुसतं एकटं वाटायचं, इतकं की एखाद्या गिऱ्हाइकानं काचेला नाक लावलं तरी दिवस बरा जायचा.

गेल्या फेब्रुवारीत वरून ओरडा ऐकू आला. हिदाका-सानच्या गाडीचं मागचं चाक भर वेगात निसटलं आणि वळणावर उभ्या असलेल्या किनुगासाच्या गालावर बसलं, डोळ्याच्या बोटभर खाली. रक्त आलं. किनुगासा म्हणत राहिला, "काही नाही, काही नाही, बायको जास्त जोरात मारते." पण कुणी हसलं नाही.

हिदाका-सान घामाघूम होऊन खाली आले. गल्ल्यावर गाडी ठेवून म्हणाले, "मुरासे-सान, हीसुद्धा पिळलेलीच निघाली. तिसरी दाखवा. यावेळी नीट निवडू."

 मुरासे-साननी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि सपाट काचेवर ठेवलं. चासी सरळ आहे का ते त्या काचेवर कळतं. वाकडी असेल तर कोपरा उचलला जातो, बोटानं दाबलं की टकटक वाजतं. आयुष्यभर मी त्या काचेवर ताठ मानेनं बसले. त्या दिवशी मात्र मनापासून वाटलं, देवा, माझा एक कोपरा उचल! एकदाच टकटक वाजू दे! मी वाकडी निघाले असते तर त्यांचं सगळं वाचलं असतं. पाटी नवी मिळते.

मुरासे-साननी चारही कोपरे दाबले. काहीच वाजलं नाही.

"ही सरळ आहे, हिदाका-सान. गेल्या वर्षीही सरळच होती."

"मग?"

मुरासे-साननी हिदाका-सानची गाडी पुढे ओढली, तिच्याशी क्षणभर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "आता नेहमीसारखं बोट दाखवून सांगा."

हिदाका-साननी बोट रोखलं. "पुढचं उजवं चाक, नट ठीक!"

मुरासे-साननी मूठ उघडली. नट त्यांच्या तळहातावर होता. हिदाका-सानना तोही दिसला नसावा, कारण मग मुरासे-साननी त्यांचं बोट धरून चाकाच्या मधोमध टेकवलं. तिथे नुसता उघडा आस होता.

 मग हिदाका-साननी हळूच विचारलं, "कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," मुरासे-सान म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुम्ही यायचं बंद कराल म्हणून बोललो नाही. चुकलंच आमचं."

हिदाका-साननी नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. मला कोटाच्या आत घेतलं आणि ट्रामनं घरी आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधलं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. कडेचं जे दिसतं ते डोळ्यात औषधाच्या सुया टोचून टिकवता येईल. त्या संध्याकाळी मला मांडीवर घेऊन ते म्हणाले, "तुला उगाच बोल लावला गं." बस, एवढंच. वर्षभर मी याच वाक्याची वाट बघत होते, आणि मिळालं तेव्हा ते नकोसं झालं.

त्यानंतर घरात रोजच सोमवार. रविवारी दहाला फोन वाजायचा. किनुगासाच असणार. हिदाका-सान माझ्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत बसायचे आणि तो वाजून वाजून थांबेपर्यंत हलायचे नाहीत. एक रविवार, दोन रविवार, सात रविवार असेच गेले. मला हात असते तर मीच उचलला असता.

आठव्या रविवारी त्यांनी तो उचलला आणि एकदम गरजले, "वर्षभर मला वेड्यात काढलंत! लाज नाही वाटली? दया करता माझी? तुझा डोळा गेला असता गाढवा, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?" असं बोलले, बोलले, आवाज फाटेपर्यंत बोलले. चहा गार झाला. पलीकडून किनुगासा "हो" म्हणत राहिला, पण त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी हिदाका-सान धापा टाकत म्हणाले, "पुढच्या रविवारी परत कर. अजून संपलेलं नाही."

त्या घरात इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला फार फार बरं वाटलं.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. माझं काय, मी पाटी. पण तुमच्या घरात कुणी एखाद्या मुक्या वस्तूला सारखा दोष देत असेल, तर ती वस्तू एकदा तपासा. ती सरळ निघाली, तर तुम्हाला जे दिसतंय ते त्या माणसाला सांगा. तो रागावेल, दार लावून बसेल. बसू दे. तुम्ही फोन करत राहा.