टॅमसिनसमोरचा वायरलेस

मित्रांनो, आधी जरा खर्रर्र होईल, मग आवाज येईल. दचकू नका, म्हातारपणी माझा घसा असाच चालतो. वॉराबीन गावच्या आगवाल्यांच्या शेडमध्ये टेबलाला स्क्रूंनी जखडलेला जुना वायरलेस, तो मी. आणि खरं सांगू? मी जन्माचा भित्रा आहे.

कारखान्यात माझ्या तारा जोडल्या तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून गाणी ऐकवू. नशिबी आली आग. आमच्याकडे आग विझवणारे पगारी नाहीत. कुणी गहू पेरतो, कुणी मेंढ्यांची लोकर कातरतो, कुणी शाळेची बस चालवतो. भोंगा झाला की हातातलं टाकून धावत येतात. आम्ही पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातले, डिसेंबरात इथं भर उन्हाळा; गवत पिवळं पडलं की जी भीती धरते, ती मार्च सरेपर्यंत जात नाही.

आणखी एक भीती आहे, ती बारमाही. मी सगळं ऐकतो, पण माझं स्वतःचं एक अक्षरही बोलू शकत नाही. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे, एवढंच माझं काम. मी ऐकलेलं कुणी सांगितलंच नाही, तर ते गेलंच म्हणायचं.

माझ्यासमोरच्या खुर्चीवर टॅमसिन येऊन बसली ती बाकी कुणालाच बसायचं नव्हतं म्हणून. पोरगी बेकरीत पाव विकायची आणि शनिवारी मुलींच्या नेटबॉलला पंच म्हणून उभी राहायची. तिथल्या आया म्हणजे काय विचारता! पण त्यांच्या आरडाओरड्यात आवाज न चढवता बोलायला ती तिथंच शिकली. आमच्या आगवाल्यांच्या कप्तानानं, मर्वनं, तिला माझ्यापुढे बसवून एकच नियम घोकून घेतला होता, की समोरच्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

मग ती जानेवारीतली दुपार आली. उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता आणि टेकडीमागं गवत पेटलं होतं. मर्व दोघांना घेऊन गाडीसकट आगीच्या कडेला काम करत होता. इतक्यात शेडचं दार भलत्याच बाजूनं आपटलं. वारा फिरला होता. तो फिरलेला वारा टेकडीपर्यंत पोचला, की आगीची ती सगळी लांब कड भडकून मर्वच्या अंगावर चालून जाणार. माझी तर पाचावर धारण बसली.

टॅमसिननं माझं बटण दाबून निरोप दिला, वारा नैर्ऋत्येचा झालाय, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर सरका. मर्व म्हणाला, "बरं बरं, बघतो." दुसरं कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं, कारण आमच्या गावात 'बरं' म्हटलं की विषय संपतो. तिनं त्याला निरोप परत म्हणायला सांगितलं. त्याला येईना. त्याच्या बाजूचं बटण दाबलेलं होतं आणि माझ्यातून नुसता त्याचा श्वास येत होता. तेवढ्यावरून ती ओळखून चुकली, की धुरात त्याला दिशाच कळत नाहीये आणि तो गोठलाय.

मग तिनं आगीचं नावच काढलं नाही. कुंपण दिसतंय का? कुठल्या हाताला? ते उजव्या हाताला ठेव आणि गाडी पुढे घे. प्रत्येक वाक्य ती त्याच्याकडून परत म्हणून घ्यायची, बेकरीत सुटे पैसे मोजून देताना बोलते ना, तशा आवाजात. मी मात्र जीव मुठीत धरून होतो. माझी एखादी तार आत्ता निसटली तर तीन माणसं जातील, एवढंच डोक्यात होतं. शेवटी मर्वचा घोगरा आवाज आला, "फाटक ओलांडलं. काळ्यावर आहोत."

शेडच्या वहीत त्या दिवसाची नोंद झाली, "गवताची आग. विझली. सगळे परत." संपलं. कारण इथं एक रीत आहे. आपल्या तोंडानं आपली बढाई मारली, किंवा पेपरात फोटो आला, की सगळ्यांना बिअरचा खोका पाजायचा. दंड चेष्टेचाच, पण त्याचा धाक असा, की माणसं मरता मरता वाचतात आणि घरी जाऊन सांगतात, जरा धूर होता.

पुढं शहरातल्या मदत-केंद्रात संकटाचे फोन घेणाऱ्यांची भरती निघाली. टॅमसिनला ती नोकरी मनापासून हवी होती. पण तिच्याकडे पदवी नाही. अर्जात विचारलं होतं, लोकांशी बोलायचं कसब नोकरीबाहेर कुठं कमावलं? प्रसंग सांगा, तुम्ही काय म्हणालात ते सांगा, त्यानं काय झालं ते सांगा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपणार होती. तिनं लिहिलं, "नेटबॉलला शिट्टी वाजवते. आगीच्या वेळी रेडिओपाशी बसते. जमेल तशी मदत करते."

साक्षीदार म्हणून मर्वची सही हवी होती. रविवारचा सराव संपला होता, बाकीचे पाइप धूत होते. मर्वनं वाचलं आणि सही केली. तिची बाजू ऐकणारा मी, त्याची बाजू ऐकणाराही मीच, आणि मी मुका! मर्व दारापर्यंत गेला. तिथं टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली, आणि परत फिरला.

"हे खोटं आहे, टॅम," तो म्हणाला.

"खोटं काय त्यात? बसतेच ना मी इथं."

"मी गाडी उभी करून रडत होतो, ते कुठंय यात?"

पाइपांचं पाणी बंद झालं. एरवी टोमणा मारायला टपलेले सगळे जवळ सरकले. टॅमसिन हळूच म्हणाली, की मी फक्त वारा फिरल्याचं सांगितलं.

"नाही," मर्व म्हणाला. "तू सांगितलंस, मी 'बरं' म्हणालो, आणि तू ते 'बरं' ऐकून घेतलं नाहीस. लिही. मग काय विचारलंस? एकेक वाक्य लिही. मी सांगतो."

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. त्या दिवशी आपण काय केलं, हे तिला आत्ता कळत होतं. मुदतीआधी अर्ज गेला. हिवाळ्यात टॅमसिन शहरात कामावर रुजू झाली.

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात नवा संच येतोय, मला खाली उतरवतील. त्याचीही भीती वाटतेच, नाही कशाला म्हणू? पण मोठी भीती तुमच्याबद्दल आहे. जन्मभर माझ्यातून शब्द गेले, माणसं वाचली, आणि त्यातला एकही शब्द कुठं लिहून ठेवलेला नाही. तुमच्या घरातही कुणीतरी कुणाची समजूत काढून, कुणाला धीर देऊन आलेलं असेल. आज त्याच्यापाशी बसा, काय काय बोललास ते विचारा, आणि लिहून ठेवा. तो म्हणेल, "कुठं काय, काहीच नाही." तेव्हा तिथून उठू नका.